अठरा मीटरवर

या महिन्यातले पहिले पाहुणे, चारच:
एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको,
आणि दोन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत.
कलाबाहीचं विमान काल पाच तास उशिरा उतरलं.

पहाटेपासून मेलकिओर कॉम्प्रेसरशी झटत होता.
जुनं डिझेलचं धूड. खोकतं, थुंकतं, मग लय धरतं.
हवा ओढायची नळी मी स्वतः वाऱ्याच्या दिशेला बांधली,
नाहीतर धूर टाकीत शिरतो
आणि डोकं धरून पाहुणे माझ्याकडे बघत बसतात.

बापा वाळूत बसून सापळ्याच्या कामट्या वळत होता.
हवा विकत घेणारी माणसं
त्याला अजून पचलेली नाहीत.

होडीच्या काठावरून आम्ही पाठमोरे पडलो.
डॉक्टरच्या बायकोची लाल बाही
बारा मीटरला शेवाळी झाली; ती दर वेळी बघायची आणि दचकायची.
मग खालून गार पाण्याचा लोट आला,
सामुद्रधुनीचा, हाडाला लागणारा.
समुद्रफुलांचं अख्खं माळरान एका बाजूला कललं.
दोघा भावांनी एकाच खडकाला धरलं.

तेवढ्यात वरून माझा बाप आला.
पाठीवर काही नाही, पायात काही नाही.
फाटकी निळी चड्डी,
डोळ्यांवर लाकडी चष्मा, बाटलीच्या काचा डिंकाने बसवलेल्या,
आणि हातात दगड.
विहिरीत घागर उतरावी तसा सरळ आला
आणि आमच्यामध्ये गुडघे टेकून बसला.

डॉक्टरने त्याला हात केला.
बापाने केला नाही. त्याला काम होतं.

सापळ्यात दोन पोपटमासे आणि एक चिडका करडा मासा.
सापळ्याची कड प्रवाळात रुतलेली.
त्याने हलवली. हलेना.
मी मोजू लागले. चाळीस. साठ.
आमच्या पाचजणांचे बुडबुडे लग्नाच्या वरातीसारखे वर चाललेले,
त्याचा एकही नाही.
ऐंशी.
माझा हात आपसूक पिवळ्या नळीकडे गेला,
दुसऱ्या तोंडासाठी ठेवलेल्या.

आणि तिथेच राहिला.
कारण फळ्यावर फुगा काढून मीच शिकवते रोज सकाळी:
खालची हवा छातीत भरून
दम धरून वर जाऊ नका.
बापाला वर जायची दुसरी रीत येत नाही.
पाठीवर माझ्या एकशे चाळीस बार,
त्यातला एक घोट त्याची छाती फाडेल.
इतकी श्रीमंत
आणि इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

त्याने मान वर केली.
माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे,
आणि तळहाताने पाणी ढकलल्यासारखं केलं:
सरक.

मी त्याच्या उजेडात उभी होते.

सरकले. ऊन सापळ्यावर पडलं.
त्याने बोट घातलं, कुठेतरी काहीतरी मोडलं,
सापळा सुटला, दोर ताणला,
आणि तो निघाला, घाईत नाही,
जिना चढल्यासारखा.

आम्हाला पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. नियम आहे.
वर त्याच्या होडीचा काळा तळ,
बाजूचे दोन बांबू,
आणि पाण्यात सोडलेले दोन पाय, निवांत.

डोकं बाहेर काढलं तेव्हा त्याची विडी अर्धी संपली होती.
चाळीस वर्षांपूर्वी कानांचे पडदे गेलेत त्याचे,
म्हणून ओरडूनच बोलतो: 
"दोर्कास! किती दिले यांनी?"
मी बोटं दाखवली.
त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, बराच वेळ,
आजारी माणसाकडे बघतात तसं,
आणि एक पोपटमासा त्यांच्या होडीत टाकला.
फुकट.

रात्री कॉम्प्रेसर बंद झाल्यावर
भिंतीपलीकडे त्याचं घोरणं ऐकू येतं.
झोपेतही मध्येच तो श्वास घ्यायचा विसरतो.
अकरा. बारा.
मेलकिओरला डिझेल आणायला सांगायचं राहिलं.
पंधरा.