लूट

प्रतापनगरला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये
मिल्काबाई रोहेकरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
आणि त्यांची वाचणारी मी झाले.
आठवी क. दर शुक्रवारी, दिवा लावायच्या आधी.
पगार दोन नानकटाया.

फार जुनी हिब्रू पोथी, कुणी कधी मराठीत आणलेली.
तिच्यात आया फार.
एक तहानेल्या पोराला झुडपाखाली टाकून
बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, पाठ करून.
एक खडकावर गोणपाट अंथरते,
मेलेल्या लेकांवरून दिवसा घारी हाकलते, रात्री जनावरं,
महिनोन्महिने.
मी वाचायचे. बाई वाती वळायच्या.
हात थांबायचे नाहीत.

थांबायचे एकाच पानावर.
तिथं जिंकलेल्यांचं गाणं आहे.
हरलेल्या सेनापतीची आई जाळीच्या खिडकीशी उभी,
रथ अजून कसा दिसत नाही म्हणते.
भोवतालच्या शहाण्या बाया समजूत घालतात:
लूट वाटत असतील. भरतकामाची कापडं,
माणशी एकदोन पोरी.
आणि तो तर तंबूत केव्हाच मरून पडलाय.
गाणं तिला हसतं.
मीही हसले.

"हसू नकोस गं. तीपण वाटच बघतेय."

बाहेरून डभोईची छोटी गाडी निघाली.
चाकं ऐकू येईनाशी होईपर्यंत
बाई बोलल्या नाहीत.

मग पलंगाखालची ट्रंक. हनोखची.
एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीनं पाठवलेली.
दाढीचा ब्रश, केस अजून चिकटलेले.
मोजे. एक पोस्टकार्ड,
त्यावर "ती. आईस" एवढंच.
आणि तळाशी एका बाईचा फोटो,
नाकात चमकी, डोक्यावर ओढणी,
आमच्यातली नाही, ओळखीतली नाही.
मागे उर्दू.
मोगलवाड्यातल्या घड्याळजीनं भिंग लावून वाचलं होतं:
अम्मी, मुलतान.
हनोखच्या घड्याळाचे पैसे मग त्यानं घेतले नाहीत.

"लूट," मिल्काबाई म्हणाल्या.
"माझ्या लेकाच्या वाट्याची."

मला वाटलं, आता रडतील.
त्यांनी विचारलं, त्या खिडकीतलीचं नाव दिलंय का?
मी शोधलं. मुलाचं होतं.
"नीट बघ."
बोट ठेवून ठेवून पाहिलं.
नव्हतं.

फोटो त्यांनी त्याच पानात घातला
आणि चाचपडत दिव्याकडे गेल्या.
खिडकीत उजेड उरला नव्हता.
सूर्य बुडाल्यावर हा दिवा लावत नसतात,
हे मला त्यांनीच सांगितलेलं.

त्यांनी लावला.