येते हं

तळजईच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीमागे
सकाळी सव्वासहाला आमचा वर्ग.
सात कुत्री, सात माणसं
आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले निवृत्त हवालदार दौंडकर,
ज्यांनी उभ्या जन्मात
एकाही कुत्र्याला 'सोन्या' म्हटलेलं नाही.

आमचा डिंक.
नाव ठेवलं तेव्हा दीड महिन्याचा होता
आणि माझ्या चपलेपासून सुटत नव्हता.
आता बत्तीस किलोंचा आहे, आणि सुटत नाही.
'बस' म्हटलं की बसतो, माझ्या पायावर.
'चल' म्हटलं की चालतो, गुडघ्याला खांदा रेटून.
रेषा सोडते ती मीच.
दौंडकरांच्या वहीत शेरा :
बाई उजवीकडे सरकतात.

खरा घोळ 'थांब'चा.
बसवायचं, तळहात दाखवायचा,
मागे न बघता वीस पावलं जायचं,
तीन मिनिटं.
बोऱ्हाड्यांची काळी लॅब्रा थांबते
देवळाबाहेरच्या चपलांसारखी.
डिंक पोटावर सरपटत येतो,
कायद्याने बसलेलाच,
वीत वीत करत,
धुळीत लांबलचक पट्टा मागे ठेवून.

चौथ्या रविवारी दौंडकर म्हणाले,
"बाई, कुत्रं चुकत नाहीये.
निघताना तुम्ही काय पुटपुटता?"
काही नाही, म्हटलं.
"पुन्हा निघा."
निघाले,
आणि माझं मलाच ऐकू आलं :
येते हं.

"त्याला 'ये' ऐकू येतं.
पुढचं 'ते' त्याच्या काय कामाचं?
'जाते' म्हणा."

जाते.
साधी दोन अक्षरं,
आईने लहानपणीच चापट मारून तोंडातून काढलेली.
जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.
ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून
ह्यांनीही तेच म्हटलं होतं, दोन बोटं हलवून.
येतो.
मी बाकावर बसून राहिले,
जागची न हलता, साडेचार तास.
दौंडकर असते तर पूर्ण गुण दिले असते.

परीक्षेत डिंकाला 'थांब'मध्ये शून्य.
उठला तो थेट परीक्षकांच्या बुटावर जाऊन बसला.
त्यांनी वही काखेत धरली,
इकडेतिकडे बघितलं,
आणि त्याचा कान खाजवला.
शून्य दिलंच.
पुण्यात माया वेगळी, गुण वेगळे.

काल बँकेत निघाले.
पासबुक, चष्मा, किल्ली.
दारात तळहात दाखवला
आणि म्हटलं, 'जाते.'
तो बघत राहिला.
मग पंजांवर हनुवटी टेकली.
थांबला.

कुलूप लावून चार पायऱ्या उतरले
आणि पाचवीवर उभीच.
खालचे गद्रे कडीतला पेपर काढत होते.
"काही विसरलात?"
"छे," म्हटलं, "येते हं."

वर, दाराआड,
नखं वाजली.