चिठ्ठीवर मावेल एवढं

दोन मिलिमीटर आणि वर थोडं.
मोहरीहून मोठा, तिळाहून लहान.
पेट्री डिशमध्ये पांढरी वाळू पसरायची,
बोटाच्या टोकाने खळगा करायचा,
त्यात त्याला कुशीवर निजवायचा,
वरून दारू
(दारूच म्हणायचो आम्ही; स्टोअरच्या वहीत इथेनॉल)
आणि मग भिंगाखाली दिसायचं
नराचं ते वर उचललेलं डोकं,
डोक्यावर गाठोडं,
गाठोड्यावर बसवलेले डोळे.

"पिलू आहे," मी म्हणालो होतो पहिल्यांदा.
"पिलू कशाचं, सर. बाप्या हाय. एवढाच ऱ्हातो."
बुधा लचके चाळणीत पाचोळा घोळवत होता
अंजनेरीच्या पठारावर, तळ्याच्या वरच्या अंगाला.
"कोळीच कोळी हुडकतोय," म्हणाला
आणि माझ्याआधी स्वतःच हसला.

त्या प्रजातीचा नकाशा अजून माझ्या भिंतीवर आहे.
ठिपके सगळे वर, थंडीच्या मुलखात:
शेवाळात, दलदलीत, बर्फ ओसरलेल्या कुरणांत.
खाली येता येता विरळ.
हिमालयात चार.
मग नुसता कागद, वीतभर,
आणि एकदम एकटा
नाशिक.

पत्रं यायची. चूक असावी.
रोपांच्या मातीतून आला असावा.
वाऱ्याने आला असावा: हे कोळी
गवताच्या टोकावर चढतात, पोट वर करतात,
दोरा सोडतात,
आणि वारा नेईल तो जिल्हा आपला म्हणतात.
एकाने त्याला दुसऱ्या प्रजातीत टाकला.
अकरा वर्षांनी आणखी कुणी परत आणला.
वाद एवढाच, की स्पर्शपादाच्या टोकाचा पीळ
दीड वेढ्याचा की दोन.
तो बाटलीत जागचा हलला नाही.
घराणं तेवढं बदलत राहिलं.

गेल्या साली पुण्याचा एक पोरगा आला, लॅपटॉप घेऊन.
ठिपका मोठा करत गेला, करत गेला,
आणि ठिपका थांबला कॉलेज रोडवर,
एक बँक आणि एक रसवंती यांच्या मधोमध.
"सर, इथे कधी ओल होती का?"

मी बाटली काढली. आतली चिठ्ठी, माझंच अक्षर:
नाशिक. पालापाचोळा. नोव्हेंबर.
चिठ्ठी नखाएवढी असते.
मी वाचवलेले शब्द मोजले.
अंजनेरी. पठार. बुधा. लचके.

बुधा त्याच आठवड्यात आला होता नाशकात,
लेकीच्या कागदांसाठी.
पडताळणीवाल्यांना आजोबाच्या शाळेचा दाखला हवा.
दाखला सापडला.
मास्तरांनी जातीपुढे लिहिलंय: कोळी.
महादेव नाही. मागे नाही, पुढे नाही.
"म्हंजी कंचा कोळी, त्ये सिद्ध करा म्हंत्यात."
मग दाखल्याची घडी पुन्हा घालत,
मास्तरांचीच बाजू घेत,
"रकान्यात जागा नसंल, सर."

मला बोलता आलं नाही.
मी टाक काढला, सगळ्यात बारीक निबाचा,
चष्म्यावर चष्मा लावला.

आमच्यात एक नियम आहे:
जुनी चिठ्ठी काढायची नाही.
चुकलेली असली तरी नाही.
नवी लिहून तिच्या शेजारी सोडायची,
पुढच्याने दोन्ही वाचाव्यात.

अंजनेरी, पठार, तळ्याच्या वर.
शो. बुधा सोमा लचके.
"शो म्हंजी?"
शोधणारा.
त्याने बोटानेच विचारलं, कुठे आहे माझं.
मी भिंग दिलं.
बराच वेळ बघितलं त्याने.
"हे दारूत इरघळाया नगं."
शाई वाळली की नाही विरघळत, म्हणालो.
थांबावं लागेल.

थांबला.
पाचची त्र्यंबक गाडी होती त्याची, ती गेली.