नऊ बोटं

किओज्जाच्या धक्क्यामागे बाल्दो
बोटांवर अक्षरं मोजतो.
सुनीताच्या ओळीला अकरा लागतात.
करवतीने एक नेलं; उरली नऊ.

शनिवारी भाचीचं लग्न,
तिथे वाचायचंय.
आठ ओळी उभ्या राहिल्या,
डांबराचा वास आहे त्यांना, असू दे.
नवव्या ओळीशी वळायचं
आणि तिथेच होडी कलंडते.

पूर्वी कमी पडणारी दोन बोटं
ओर्तेन्सिया उसनी द्यायची,
सार्डिन साफ करताना, खवल्यांसकट.
वर म्हणायची, "'प्रेम' फार झालं. 'खिळा' घाल."

आता दहावं तो टेबलावर ठोकतो.
अकराव्याला हात हवेतच,
निबवरची शाई वाळते.

मग उठतो. तोंडात खिळा धरून
उलट्या होडीला फळी लावतो.
ती बसते, एका फटक्यात,
मेली.