मागची रांग

तार्तू शहर, आनेलिन वसाहत, पाचवा मजला.
बाबांची पुस्तकं मी वेबसाइटवर चढवते आहे.
नव्यांचं सोपं: पाठीवरच्या काळ्या रेघा
फोनला दाखवल्या की टुक् होतं,
आणि मुखपृष्ठ पडद्यावरच्या फळीवर जाऊन उभं राहतं,
चहाचा डाग इकडेच ठेवून.

एकशे बारा झाली.
लायप्झिगच्या कुणा लुत्सने अंगठा दिला: 'सुंदर संग्रह.'
संग्रह कसला. बाबांनी जमवली नाहीत पुस्तकं,
ती घरात आली आणि गेली नाहीत, मांजरांसारखी.

प्रत्येकाखाली प्रश्न:
वाचलं? वाचतोय? वाचायचंय?
घड्याळदुरुस्तीच्या पुस्तकात पान एकशे चाळीसवर
बसचं तिकीट निघालं.
मी 'वाचतोय' दाबलं.
कोण येतंय तपासायला.

मग पुढची रांग संपली.
पुढची पाहुण्यांसाठी, ते म्हणायचे:
लाल बांधणीचे सलग खंड,
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
बघायला येणाऱ्यांनी तेवढंच बघून जावं.

तिच्यामागे हात घालायचा नाही,
एवढंच मला लहानपणी ठाऊक.
आज घातला.
पुठ्ठ्यात शिवलेली टंकलिखित पानं,
कार्बनवरची, अक्षरं इतकी फिकी
की दिव्याखाली तिरकी धरावी लागतात.
नाव नाही. कवी नाही.
कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा: ४.

वेबसाइट म्हणाली, सापडलं नाही, स्वतः नोंदवा.
लेखकाची चौकट रिकामी सोडता येत नाही.
मी एक टिंब दिलं. तिला चाललं.
मुखपृष्ठाच्या जागी पुठ्ठ्याचा फोटो,
त्यात माझाही अंगठा आला.

'कोणाला दिसावं?'
सगळ्यांना. मित्रांना. फक्त मला.
इथे मी उठले. चहा टाकला.
खिडकीचा पडदा ओढला,
मग माझं मलाच हसू आलं, पुन्हा सारला.

सगळ्यांना.

अकरा दिवस काही नाही.
अंगठे येत राहिले ते लाल खंडांना.
काल रात्री त्याच्याखाली एक ओळ:
'हे पुस्तक दोन जणांकडे आहे.'
नार्वाची कुणी लेहते. फोटो नाही,
फळीवर एवढं एकच.
तारे न देता तिने लिहिलंय:
माझ्याकडे सहावी प्रत आहे,
काहीच लागत नाही वाचायला.
तुमची कितवी?

दिवा खाली ओढला आहे.
पहिली ओळ तिच्यासाठी टंकायला घेतली,
दुसऱ्या शब्दाशी अडले आहे.