अज्ञात स्रोत

मार्केट यार्डाच्या गेटासमोर
तीन बाय सहाचं माझं दुकान.
सौदे उरकले की येतात
हरिपूरचे भूपाल मगदूम,
कानाच्या पाळीपर्यंत हळद.

आज पिशवीतून दोन फोन निघाले.
एक जुना, रबरबँडनं आवळलेला,
बॅटरी पोट फुगवून बसलेली.
दुसरा कोरा, जावयानं बेंगळुरूहून पाठवलेला.
"ह्यातलं त्यात घाला," म्हणाले,
जसं ह्या पोत्यातलं त्या पोत्यात.

ह्यातलं म्हणजे 'तोल'.
धाकट्या पद्मजानं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी
बापासाठी लिहिलेलं ॲप.
पोती टाका, वजन टाका,
कडता, हमाली, तोलाई वजा होऊन
खाली आकडा,
चष्म्याशिवाय दिसेल एवढा.
हिरव्या बटणावर "झालं",
लाल बटणावर "थांब की".
जगात वापरणारा एकच माणूस.

नव्याला केबल लावली.
तो रागावला नाही, हसलाही नाही.
माल फक्त आमच्या दुकानातून, म्हणाला,
वर्षाची फी भरा, तपासू, मग बघू.
आडवाटा आहेत एकदोन,
पण सात दिवसांत मिटणाऱ्या.
"मग दर आठवड्याला येतो की,"
मगदूम म्हणाले, आणि मला
त्यांच्याकडे बघवेना.

जुन्यानं नुसतं विचारलं होतं:
अज्ञात स्रोत. तरीही पुढे जायचे?
अज्ञात!
बापाला खेटून बसलेली पोरगी.

पण खरं ते सांगायला हवं.
ह्याच एका "हो"पायी
समोरच्या चहावाल्या दस्तगीरचे
अकरा हजार गेले दिवाळीच्या आधी.
वीजबिलाचं म्हणून काहीतरी आलं,
त्यानं घेतलं.
फोन मीच पुसून दिला, पैसे घेतले नाहीत.
तेव्हापासून गिऱ्हाइकाला सांगत आलोय,
बंद असलेलाच घ्या बाबा, झोप तरी लागेल.

मगदूम स्टुलावर टेकले.
"पेवात उतरायचो मी. वीस हात खोल.
तोंड एवढुसं, आत लग्नाचा मांडव बसंल.
दगड सारला की लगीच उतरायचं न्हाई,
आतली हवा माणूस खाती.
अर्धा दिवस उघडं ठेवायचं,
मग दोराला बांधून कंदील सोडायचा.
इझला तर उद्या बघू.
बापू चौगुलेनं कंदील सोडला न्हाई एकदा..."
तिथं ते थांबले.
गेटातून ट्रक गेला एक.
"पन दगड आमी सारायचो," म्हणाले.
"आमचं पेव, आमचाच कंदील."

नव्यानं अंगठा मागितला.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा.
चाळीस वर्षं पोती उचलून
पॉलिशच्या ढोलातल्या हळकुंडासारखा
गुळगुळीत झालेला अंगठा.
काचेवर पिवळा डाग तेवढा राहिला.

शेवटी जुन्याचीच बॅटरी बदलली.
कंपनीची नाही, चालते.
वर नवा रबरबँड.
"दोनशे ऐंशी," मी म्हणालो.
त्यांनी 'तोल' उघडलं,
माझा आकडा टाकला,
हमाली वजा केली,
हिरवं बटण दाबलं,
आणि माझ्यापुढं धरलं:
दोनशे साठ.
घेतले मी. हिशोब चोख होता.