मोल

येंटिनाच्या हिरवळीवर पहाटे पुन्हा सात ढिगारे.
वीब असता तर वहीत मांडले असते,
शिव्यांसकट.

सगळं करून झालं होतं त्याचं.
बिळात लसूण, रॉकेलचे बोळे,
वाऱ्यावर घुमायला पुरलेल्या बिअरच्या बाटल्या
(त्या रिकाम्या करण्याचं काम मात्र मन लावून).

मग लोखंडी चाप.
एकदाच सापडला.
तिने तळहातावर घेतला:
काळी मखमल, डोळे असून नसल्यासारखे,
आणि हात गुलाबी, रुंद, बाहेर वळलेले,
दार ढकलता ढकलता थांबलेले.

इकडे ड्रेंटमध्ये या प्राण्याला मोल म्हणतात.
कुंपणावरून मी सांगितलं,
आमच्या भाषेत मोल म्हणजे किंमत.
ती म्हणाली, चाप साडेअकरा युरोंना पडला.

आता चाप शेडमध्ये, वीबच्या रेनकोटशेजारी.
ढिगाऱ्यांची माती ती चाळते.
चाळायचं खरं तर काही नसतंच,
खालून वर येताना त्यानेच खडे वगळलेले.
दह्याच्या डब्यांत टोमॅटोची रोपं,
त्यातलं एक माझ्या खिडकीत.

आठवा ढिगारा काल निघाला
वीबच्या खुर्चीच्या पायाखाली.
खुर्ची जराशी कलली आहे.
तिने ती सरळ केलेली नाही.